मशेरी आणि लिची

झुंबर त्या दिवशी लेकीच्या कॉलेजात मॅडमसमोर जे वाक्य बोलून गेली, ते आठवलं की अजूनही तिच्या कानाच्या पाळ्या तापतात. मॅडमनी ड्रॉवरमधून बोटभर लांबीची एक गुलाबी, चपटी वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे ओळखता का?" झुंबर मोठ्या हौसेनं म्हणाली, "न ओळखायला काय झालं? आमच्या मोहिनीचा हायलायटर हे. रोज मीच तर चार्जिंगला लावते!"

हायलायटरला चार्जिंग लागत नाही हे झुंबरला कुणी सांगायचं? म्हसरूळच्या तिच्या दोन खोल्यांत सगळंच चार्जिंगवर चालायचं. मोबाइल, बॅटरी, डास मारायची बॅट, नवऱ्याचं दाढीचं मशिन. त्यात लेकीचं पेन आलं तर नवल कसलं! पोर अकरावीला, सायन्सला, पुस्तकात रंगीत रेघा ओढणारी. म्हणजे काहीतरी भारीतलं पेन असणार. मोहिनी एकदा ते पिनेला लावून विसरली आणि आईनं विचारलं तेव्हा गडबडीत जे तोंडाला आलं ते बोलली. पुढे आईचा उत्साहच असा की सकाळी डबा भरता भरता तीच दप्तराच्या कप्प्यातून ते काढायची, चार्जिंगला लावायची, दिवा हिरवा झाला की परत जागच्या जागी ठेवायची. दोन महिने हे चाललं होतं. वासही किती छान होता त्याला, लिचीचा. लहान मुलांची खोडरबरं असतात तसा.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, ही ई-सिगारेट आहे. मुलं व्हेप म्हणतात."

सिगारेट हा शब्द ऐकून झुंबर चाचरत म्हणाली, "पण मॅडम, वास तर लिचीचा येतो."

"वासच लिचीचा असतो. आत निकोटिन असतं. तंबाखूत असतं ना, तेच. विकायला बंदी आहे, तरी मिळतं. मुलांना वाटतं नुसती वाफ आहे, काही होत नाही. मग सुटता सुटत नाही." मॅडमनी ती वस्तू परत ड्रॉवरमध्ये टाकली. "मोहिनीच्या बॅगेत सापडली. पहिली वेळ आहे म्हणून सोडते. परीक्षेला रोज दारावर बॅगा तपासणार आहोत. पुन्हा सापडलं तर वडिलांना बोलवावं लागेल आणि नाव कमी होईल. तोपर्यंत तुम्ही बघा."

तुम्ही बघा! बघायचं काय आणि कसं, ते मॅडमनी सांगितलं नाही. त्यांना तरी कुठे ठाऊक असणार! झुंबर मान खाली घालून बाहेर आली, जिन्याखाली आडोशाला गेली, कमरेची डबी काढली आणि चिमूटभर मशेरी हिरडीला लावली. मन ठिकाणावर यायला तिला ती लागायचीच. तंबाखूत असतं ना, तेच, असं मॅडम आत्ताच बोलल्या होत्या. पण तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि तिनं दात घासायचे, याला झुंबरच्या माहेरी कुणी व्यसन म्हणत नसे. आई लावायची, आजी लावायची, चुलत्या लावायच्या. न्हाणं आलं त्या वर्षी झुंबरचा दात ठणकत होता, तेव्हा आईनंच तिच्या हिरडीवर पहिलं बोट फिरवलं होतं. आता ती एकेचाळीस वर्षांची होती आणि दिवसातून पाच वेळा दात घासत होती.

आता खरी भीती कसली होती ते सांगते. सावळीराम, म्हणजे झुंबरचा नवरा, लासलगावहून कांद्याचा ट्रक घेऊन बंगाल-ओडिशाकडे जायचा. वीस-वीस दिवस बाहेर. माणूस वाईट नव्हता, पण मोहिनीनं सायन्स घेतलं तेव्हाच तो म्हणाला होता, "एक तक्रार आली का दिंडोरीला काकाकडं धाडीन अन् पुढल्या वर्षी उजवीन." स्वतः दिवसाला तीन पुड्या गुटखा खायचा, ते वेगळं. बाप्याच्या तोंडातलं कोण मोजतं? पण पोरीच्या दप्तरात सिगारेट निघाली असं त्याच्या कानावर गेलं असतं, तर त्या पोरीचं शिक्षण तिथल्या तिथे संपलं असतं. झुंबरला ते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. परीक्षेला सतरा दिवस राहिले होते. सतरा दिवसांत पोरीचं ते सुटायला हवं होतं.

घरी आल्यावर तिनं मोहिनीला समोर बसवलं. मारायचं ठरवलं होतं, पण हात उठला नाही. मोहिनी सोळा वर्षांची, आईपेक्षा बोटभर उंच, दहावीला शाळेत दुसरी आलेली. ती आधी रडली, मग चिडली.

"मम्मी, तंबाखू नसते त्यात. फक्त फ्लेवर असतो. पाण्याची वाफ. धूर पण नाही."

"मॅडम म्हनल्या सुटत नाय."

"मॅडमना काय माहीत? वर्गातल्या निम्म्या मुली घेतात. आम्ही चौघींत एक घेतो, वाढदिवसाला आणलेली. टेन्शन आलं की दोनदा ओढायची, बस. मला काही सवय नाहीये. मी कधीपण सोडू शकते."

"मंग सोड."

"सोडली," मोहिनी म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली.

झुंबरनं सुटकेचा श्वास टाकला. भाबडीच होती ती. सातव्या दिवशी गादी उन्हात टाकायला गेली तेव्हा उशीच्या अभ्र्यात दुसरी सापडली. निळी. हिचा वास आंब्याचा होता.

या वेळी मात्र तिनं मारलं. दोन थपडा दिल्या आणि मग आपणच मटकन खाली बसून रडू लागली. मोहिनी गालावर हात धरून उभी राहिली. तिनं आईकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, "आणि तू?"

"मी काय?"

"तुझी मशेरी. ती काय आहे?"

"दात घासायची हे ती! येडी का खुळी तू?"

मोहिनी स्वयंपाकघरात गेली. डब्यांच्या मागून तंबाखूची पुडी घेऊन आली आणि आईच्या मांडीवर टाकली. पुडीवर सडक्या जबड्याचं चित्र होतं. हे चित्र झुंबर वर्षानुवर्षं बघत आली होती. पुड्या करणारे छापतात काहीतरी, असं तिला वाटायचं. "पॅकहाउसवर तुला तोंड उघडायला लावतात ना?" मोहिनी म्हणाली. "मग तू पिकअपमध्येच लावून घेतेस, आणि दुपारी संडासामागे जातेस. तूच सांगितलंस हसत हसत. मीपण कॉलेजात तेच करते."

झुंबर कामाला जायची त्या दिंडोरी रस्त्यावरच्या पॅकहाउसात परदेशी जाणारी द्राक्षं भरली जायची. डोक्याला जाळीची टोपी, अंगात पांढरा डगला, हातात चिमुकली कात्री. घडातला खराब मणी अलगद कापून काढायचा, बाकीच्या मण्यांना बोट लागू द्यायचं नाही. आत तंबाखू चालत नसे. दाराशी सुपरवायझर मावशी रोज सगळ्या बायांची तोंडं तपासायच्या. त्यांना चकवल्याच्या गोष्टी झुंबर घरी येऊन रंगवून सांगायची आणि मायलेकी पोट धरून हसायच्या. आता त्याच गोष्टी लेकीनं तिच्या तोंडावर फेकल्या होत्या.

"मी घेताना त्याला व्यसन म्हणायचं आणि तू घेताना दात घासणं?" मोहिनीचा आवाज चढला. मग एकदम उतरला. तिनं डोळे पुसले. "मम्मी, तू सोड. तू सोडलीस ना, तर मीपण सोडते. खरंच सोडते. मला एकटीला नाही जमत."

मला एकटीला नाही जमत. ज्या पोरीला कसली सवयच नव्हती, तिच्या तोंडून हे आलं. झुंबरनं उठून देव्हाऱ्यातल्या सप्तशृंगीच्या तसबिरीसमोर लेकीला उभं केलं. दोघींनी हात जोडले. पेपर संपेपर्यंत तोंडाला लावायचं नाही आणि पेपर संपले की गडावर जाऊन देवीला सांगायचं, आता कायमचंच सुटलं. झुंबरनं ती निळी वस्तू वरवंट्यानं ठेचली. मोहिनीनं आईची डबी मोरीत पालथी केली. घंटागाडी आली तेव्हा दोन्हींचा कचरा एकाच पिशवीतून गेला. परीक्षेला दहा दिवस उरले होते.

पहिला दिवस तर गंमतच वाटली. दोघी बडीशेप चघळत बसल्या, एकमेकींना चिडवत राहिल्या. "काय बाई, दात पांढरे होतील तुझे," मोहिनी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबरचं डोकं असं चढलं की घडातला चांगला मणी कापून खराब तसाच ठेवला आणि सुपरवायझर मावशींनी चार बायांत तिला झापलं. तिसऱ्या दिवशी हात थरथरले आणि कात्री बोटात घुसली. पोट तर कडक झालं ते झालंच. मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, हे मशेरीवाल्या सगळ्या बायांना माहीत असतं. त्याला त्या सवय म्हणत नाहीत, प्रकृती म्हणतात. झुंबरनं एरंडेल घेतलं, कोमट पाणी प्यायली. प्रकृतीनं काही ऐकलं नाही.

आणि मोहिनी! पोर सकाळी उठायची तीच तोंड पाडून. पोळीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवायची, पंख्याचा आवाज येतो म्हणून किंचाळायची. पुस्तक उघडायची, पान तसंच राहायचं. नखं खाऊन खाऊन बोटांच्या कडा लाल झाल्या होत्या. एकदा म्हणाली, "डोक्यात मुंग्या चालतात मम्मी. वाचलेलं काहीच राहत नाही." परीक्षेसाठी सोडायला लावलं आणि त्यापायीच परीक्षा जाते की काय, या विचारानं झुंबरचा जीव टांगणीला लागला. कुणाला विचारावं? शेजारणीला विचारावं तर गल्लीभर होईल. डॉक्टरला विचारावं तर काय म्हणून विचारायचं? नवऱ्याचा फोन आला की "समदं ठीक हे" म्हणून ती दोन मिनिटांत ठेवून द्यायची.

रविवारी दुपारी मोहिनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झुंबर तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. बोटांना काहीतरी काम हवंच होतं. मोहिनीनं डोळे मिटूनच विचारलं, "मी पोटात होते तेव्हापण लावायचीस?"

"लावायचे," झुंबर म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "तवा तर जास्तच. मळमळ थांबायची त्यानं."

मोहिनी चिडली असती तर झुंबरला चाललं असतं. पण तिनं नुसतं विचारलं, "मम्मी, हे कधी थांबतं गं?"

"थांबतं की. अजून दोन दिस."

हे मात्र खोटं होतं. थांबतं की नाही हे झुंबरला ठाऊक नव्हतं, कारण न्हाणं आल्यापासून ती कधी थांबलीच नव्हती. तरी लेकीनं तिच्यावर विश्वास ठेवला आणि अजून दोन दिवस काढले. नंतर अजून दोन. मी सांगते, त्या घरात त्या दिवसांत खरी हिंमत कुणी दाखवली असेल तर त्या पोरीनं. कॉलेजात जिन्याखाली मैत्रिणी पुढे करायच्या आणि ही मान फिरवून निघून यायची. घरी येऊन सांगायची, "आज पण नाही घेतली." आणि आईकडे बघायची. मग झुंबर म्हणायची, "मीपण नाय." त्या दोन वाक्यांवर ते घर उभं होतं.

नवव्या दिवशी पॅकहाउसात कंटेनर भरायचा होता. बायांना जेवायलाही धड सुट्टी मिळाली नाही. झुंबरच्या शेजारी गोजराबाई काम करायची, साठीला आलेली, मोहाडीची. तिला झुंबरचे हात दिसत होते. बाहेर हात धुताना तिनं कागदाची एक बारकी पुडी झुंबरच्या मुठीत कोंबली.

"नको गोजरामाय. पोरीसंग शपथ घेतली मी."

"लावू नको. ठिव फकस्त कमरेला," गोजराबाई म्हणाली. "जवळ हे म्हनलं का जीव निवतो. अन् दात घासायला शपथ कसली घेती गं? दारू का ती?"

झुंबरनं ती पुडी तिथेच नळाखाली धरायला हवी होती. धरली नाही. कमरेला खोचली आणि पिकअपमध्ये बसली. घरी मोहिनीनं दारातच सांगितलं, "आज पण नाही." झुंबर म्हणाली, "मीपण नाय." आणि ते खरंच होतं. तोवर खरं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी मोहिनीचा पहिला पेपर होता. झुंबरनं अंधारातच उठून भाजी टाकली. पोट चार दिवसांचं गच्च, डोक्यात घण पडत होते, आणि दिवसभर उभं राहून घड कापायचे होते. आत मोहिनी येरझारा घालत सूत्रं पाठ करत होती. सूत्र अर्ध्यावर अडकायचं, ती "च्यक" करायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ते "च्यक" झुंबरच्या कवटीत टोचत होतं. आजच्या दिवस, तिनं मनाशी म्हटलं. एकदाच. पोट साफ होईल, डोकं उतरेल, पोरीला हसून पाठवता येईल. तिला कळणारसुद्धा नाही.

ती मोरीत उकिडवी बसली, नळ मोठा सोडला आणि पुडी उघडली. डाव्या तळहातावर चिमूट, उजव्या हाताचं बोट, वरची हिरडी, मग खालची.

काय सांगू! दहा दिवस कुणीतरी मानेवर पाय देऊन उभं होतं, त्यानं पाय काढला. हात थांबले, घण थांबले. तोंडात पाणी सुटलं आणि डोळ्यांतूनही. आपण शपथ मोडली याचं दुःख तिला झालंच, पण आधी सुख झालं, आणि दुःख त्याच्या बरंच मागून आलं.

तेवढ्यात दारात मोहिनी उभी राहिली. हातात पाण्याची रिकामी बाटली, पाठीला सॅक.

झुंबरनं वर बघितलं. तोंड काळ्या पाण्यानं भरलेलं, ओठांच्या कडेला ओघळ. काही बोलणं शक्य नव्हतं. आता पोर ओरडेल, बाटली फेकेल, रडेल, असं वाटून तिनं खांदे आवळले.

मोहिनी ओरडली नाही. ती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या कपाळावरची आठी सुटली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा तिच्या वयाचा दिसला.

"बरं झालं," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं तुला जमलं आणि मलाच जमत नाहीये."

झुंबरनं जोरजोरात मान हलवली. मोहिनीनं वाकून आईच्या डोक्यावरून हात लांब केला, नळाखाली बाटली भरली, झाकण लावलं. मग पेपरच्या दिवशी करतात तशी ती खाली वाकली आणि मोरीतल्या ओल्या पायांना हात लावून नमस्कार केला. झुंबरचा डावा हात आपोआप लेकीच्या डोक्यावर गेला.

"माझी मैत्रीण गेटबाहेर भेटणार आहे. तिच्याकडची घेईन, दोनदाच. माझ्या बॅगेत काही नसेल, तू घाबरू नको," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा, इतका प्रेमळ होता. "पप्पांना तुझं मी नाही सांगणार. माझं तू नको सांगू. येते मम्मी."

चपला वाजल्या. दार ओढलं गेलं. जिन्यावरून ती दोन-दोन पायऱ्या टाकत उतरत होती, पाठ केलेलं सूत्र गुणगुणत, आणि या वेळी ते मधे कुठेच अडकलं नाही.

थुंकायला कितीसा वेळ लागतो? थुंकून, उठून, खिडकीतून एक हाक मारली असती तर ती हाक रिक्षाच्या थांब्यापर्यंत सहज पोचली असती. झुंबरला हे सगळं कळत होतं. खाली फाटक वाजलं तेही तिनं ऐकलं. पण बोट अजून हिरडीवर फिरत होतं, आणि तिला ते काढवेना.